गाभोळीचा महिना

१९ ऑगस्ट २०२४, सोमवार. नारळी पौर्णिमा

यंदाही नारळ बुडाला नाही. तसा तो कधीच बुडत नाही. पण यंदा धक्क्यापासून दहा हात गेला आणि थांबला. सोनेरी कागदात तिथेच डुलत राहिला. वारा नाही, लाट नाही. मी बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले. भाजी करपली.

प्रताप हात जोडून उभा. ऐंशीला टेकलेला माणूस. डोक्यावर वेसाव्याची लाल कोळी टोपी, खाली मुलाने, क्षितिजने, दिलेली बर्म्युडा! (तोंडावर मी अहो म्हणते, वहीत प्रताप. त्रेपन्न वर्षं असंच चाललंय. वहीची काही तक्रार नाही.)

जूनपासून आजपर्यंत त्याने गळाला हात लावलेला नाही. कुठल्याच वर्षी लावत नाही. त्याच्या बाबांची शिकवण — पावसाळ्यात म्हावरं गाभण असतं, जाळं सुकत टाकायचं, नारळ दिल्याशिवाय दर्यात उतरायचं नाही. इथे ना दर्या, ना पावसाळा. क्वेबेकमधलं एवढंसं गोड्या पाण्याचं तळं, काठावर सुट्टीपुरती राहायची तीस-पस्तीस लाकडी घरं. इथे त्यांना शाले म्हणतात. त्यातलं एक आमचं. तरी बंदी म्हणजे बंदी! जुलैत सगळं तळं मासे काढत असतं आणि हा धक्क्यावर पेपर वाचत बसतो. बसू देत. मला त्याचा अभिमानच वाटतो.

संध्याकाळी गळ टाकला. पाणी काळं होईपर्यंत बसला. एक बारका पर्च लागला, तो सोडून दिला. पाइक नाही. तळ्यातला हा मोठा, लांब तोंडाचा मासा दिसला नाही त्याला आता तिसरं वर्ष.

"असेल खाली," म्हणाला.

असेलही.

२० ऑगस्ट

शेजारचे थेरियो नारळ परत घेऊन आले. "मादाम प्रमो, वोत्र कोको!" म्हणजे तुमचा नारळ. (प्रमो म्हणजे मी; माझं नाव त्यांना एवढंच जमतं.) दरवर्षीचंच. पहिल्या वर्षी, म्हणजे एकोणऐंशी साली, त्यांना वाटलं होतं कुठलं तरी जहाज फुटलंय! तळ्यात!

त्याच नारळाचा नारळीभात केला. थेरियोंना डबा दिला.

७ सप्टेंबर, शनिवार. गणेश चतुर्थी

मॉन्ट्रियलच्या घरी. किचनरहून क्षितिज आला. आरती झाली, मोदक झाले, मग त्याने विषय काढला. विषय निघणार हे मला मोदकाच्या पहिल्या घासालाच कळलं होतं.

शाले विकायचं. पुढच्या जूनमध्ये. मग आम्ही दोघांनी किचनरला, त्याच्या घराजवळच्या कॉन्डोत. "बाबा, यू कान्ट शोव्हल स्नो एनीमोर. बायपास झालीय तुमची. मी सहा तासांवर आहे." खरं आहे सगळं. खऱ्या गोष्टींशी भांडता येत नाही, म्हणून तर त्यांचा राग येतो.

प्रताप गणपतीकडे बघत बसला. मग म्हणाला, "विका. पण मार्च होऊ दे. मला एक पाइक काढायचाय. गाभोळीचा एक शेवटचा रविवार करू, मग विका."

क्षितिज माझ्याकडे बघायला लागला. मी वाटीत तूप वाढलं.

गाभोळीचा रविवार! ऐकूनच तोंडाला पाणी सुटलं. मी मूळची नागपूरची, लग्नाआधी मासा फक्त शाळेच्या पुस्तकातल्या चित्रात पाहिलेला. इकडे येण्याआधी सहा महिने वेसाव्यात सासूबाईंच्या हाताखाली काढले, तेव्हा कळलं की माशाच्या पोटात ही पिवळी, दाणेदार अंड्यांची पिशवी असते, आणि ती हळद-तिखट लावून मंद तव्यावर परतली की नागपूर विसरायला होतं. इथले लोक ती मांजरांना घालायचे. आम्हाला बघवेना. मग मार्चचा पहिला रविवार ठरून गेला. तळं गोठलेलं, बर्फाला भोक पाडून प्रताप गळ टाकायचा, आणि महाराष्ट्र मंडळातली माणसं ओटावापासून यायची. डॉक्टर, प्रोफेसर, सगळे ताटलीला नाक लावून बसायचे. सगळ्यांची आई कोकणात राहिलेली.

१३ ऑक्टोबर

दुपारी शालेच्या पडवीत डोळा लागला. स्वप्न पडलं — मी नागपूरच्या घरच्या परसात उभी आहे, गवत गुडघ्याएवढं, आणि गवतातून पाणी चढतंय. गार नाही. पायांमधून पाइक जातायत, लांब तोंडाचे, हिरवे, अंगावर फिकट ठिपके. एकही थांबत नाही. मी विचारलं, कुठे चाललात? सासूबाई मागून म्हणाल्या, "त्यांना बोलाव नको गो, त्यांना काम हाय."

जाग आली तेव्हा पायांवर ऊन होतं. बराच वेळ ते पाणीच वाटत होतं.

नंतर थेरियो आले, त्यांना सांगितलं. माझं फ्रेंच असं तसं, त्यांचं इंग्लिश त्याहून असं तसं, पण चाळीस वर्षांत आमचं कुठे अडलेलं नाही. ते म्हणाले, हे तर मी पाहिलंय. त्यांच्या लहानपणी बर्फ वितळला की पाणी चढून त्यांच्या कुरणात यायचं आणि कुरणात ब्रोशे. पाइकला ते ब्रोशे म्हणतात. इतके की बूट घालून चालायची भीती! "आणि मग?" मग त्यांनीच कुरणाला दगडी बांध घातला. नातवंडांना खेळायला वाळू हवी होती. नातवंडं व्हँकूव्हरला गेली. वाळू आहे.

त्यांनी खांदे उडवले. पण घरी जाताना बांधाजवळ थांबून बराच वेळ बघत होते.

१९ जानेवारी २०२५, रविवार

बर्फ उशिरा धरला. पूर्वी नाताळात तळ्यावरून गाड्या जायच्या. आता आत्ता कुठे माणसाचं वजन पेलतोय.

थेरियोंनी त्यांची लाकडी खोली बर्फावर ओढून नेली. मासे धरायची खोली — एक खिडकी, एक शेगडी, जमिनीत एक भोक. मला ती खोली फार आवडते. दार लावून अंधार केला की भोकातून हिरवा उजेड वर येतो. सूर्य बाहेर बर्फावर आणि उजेड खालून! आपणच तळाशी बसलोय असं वाटतं. आम्ही दोघं अडीच तास बसलो. भोकावरच्या काडीला बांधलेलं लाल फडकं हललं नाही. मासा लागला की ते ताडकन उभं राहतं. प्रतापची नजर तिथून हलत नव्हती.

"अहो, चहा घ्या."

"हं."

चहा गार झाला.

२ फेब्रुवारी

ईशानी जेवायला आली. क्षितिजची मुलगी, इथेच युनिव्हर्सिटीत बायॉलॉजी शिकते. मी मराठीत विचारते, ती इंग्लिशमध्ये सांगते, मध्येच फ्रेंच, आणि पोळी मात्र मराठीत मागते. "आजी, अजून एक. मऊवाली."

तिच्या प्रोजेक्टचा विषय — लहान तळ्यांतले पाइक कमी का झाले. मला हसूच आलं. म्हटलं, आजोबांना विचार, ते तीन वर्षं शोधतायत. ती म्हणाली, जुन्या नोंदी कुणाकडेच नाहीत. सरकारकडेही लहान तळ्यांच्या नाहीत. आणि मग मीच, मीच बोलून गेले — माझ्या रोजनिशीत आहेत की! दर मार्चच्या.

ती चमचा खाली ठेवून माझ्याकडे बघायला लागली. "आजी. यू हॅव फॉर्टी यिअर्स ऑफ डेटा अँड यू डिडन्ट टेल मी?"

डेटा! आमच्या जेवणावळींना काय नाव मिळालं!

९ फेब्रुवारी

जुन्या वह्या काढल्या. आधी मजेत वाचत होते.

"६ मार्च १९८३. नऊ लागले. तीन बारके नर, सोडून दिले. सहा माद्या, पोटं ही एवढी! एकवीस माणसं जेवली. मंडळातल्या उन्मेषने ताटली चाटली."

"१ मार्च १९९२. सात लागले. गाभोळीच्याच ठेवल्या, चार. प्रताप लांबूनच पोट ओळखतो आता."

"७ मार्च २०१०. दोन. गाभोळी पुरवून पुरवून वाढली."

"७ मार्च २०२१. एकच. गाभोळी मुठीएवढी. कोविडमुळे आम्ही दोघंच. बरंच झालं."

ईशानीला फोनवर वाचून दाखवलं.

१६ फेब्रुवारी

बाहेर निम्म्या खिडकीपर्यंत बर्फ. सगळं शहर कुणीतरी रजई घालून झोपवलंय.

कणीक मळत होते म्हणून फोन स्पीकरवर ठेवला. ईशानी. प्रताप आरामखुर्चीत डोळे मिटून, कानाचं मशीन टीपॉयवर काढून ठेवलेलं.

तिने सगळ्या नोंदी मांडून पाहिल्या. म्हणाली, आजी, पाइक इथे बर्फ वितळता वितळता अंडी घालतात. एप्रिलमध्ये. मार्चमध्ये त्यांची पोटं भरलेली असतात. आणि एका मोठ्या मादीत लाखभर अंडी. "अँड यू गाइज केप्ट ओन्ली द बिग फीमेल्स. एव्हरी यिअर. अँड लेट द स्मॉल मेल्स गो."

मी म्हटलं, पण आजोबा बंदी पाळतात! जून ते ऑगस्ट. एक दिवस चुकवलेला नाही.

ती म्हणाली — "आजी, जूनमध्ये इथे अंडी नसतात. ती बंदी इंडियातल्या समुद्राची आहे."

माझे हात कणकेत.

लगेच तीच समजूत घालायला लागली. फक्त तुम्ही नाही, आजी. बांध घातले, गवत काढलं, हिवाळा आखडला, सगळे मासे धरत होते. ते मला कळतं. पण बाकीच्यांनी काही नारळ वाहिला नव्हता. आम्ही हात जोडून, टोपी घालून, पाटी कोरी असल्यासारखे उभे राहायचो! गाभण म्हावऱ्याला हात लावायचा नाही म्हणायचो, आणि गाभण तेवढीच निवडून खायचो. चवीने. बंदी कॅलेंडरात होती, माशात बघितलीच नाही कुणी. आणि कापायला सुरी माझी. गाभोळी हातात घ्यायचे ती मी! गार आणि जड लागायची हाताला. एकदा तरी विचार यायला हवा होता.

लाज वाटते. दुसरा शब्द नाही.

प्रतापला सांगायचं नाही. ठरवलंय. ऐंशीव्या वर्षी माणसाजवळ काय उरतं? ह्याच्याजवळ बापाची बंदी उरलीय. ती मी काढून घेणार नाही.

२३ फेब्रुवारी

म्हटलं, अहो, यंदा गाभोळी राहू दे. कोलेस्टेरॉल वाढलंय माझं.

"तू खाऊ नकोस," म्हणाला. "मला फक्त एक काढायचाय."

लागला नाही तर त्याचं मन मोडेल. लागला तर? लागूच नये, असं देवाला सांगितलं. नंतर वाटलं, पन्नास वर्षांचा नवरा, आणि मी त्याच्या हरण्यासाठी नवस बोलतेय. मग देवाला म्हटलं, मागचं विसर, तुला हवं ते कर.

२ मार्च, रविवार. गाभोळीचा रविवार

काही नाही. मंडळातले उरलेले चौघं येणार होते, त्यांना सकाळीच कळवलं. खोलीत बसून दोघांनी पोहे खाल्ले.

हिरवा उजेड मात्र आज फार सुंदर होता. बर्फाचे कण त्यात वरून खाली जाताना दिसत होते, की खालून वर, सांगता येत नव्हतं. प्रताप म्हणाला, आई गेली तेव्हा मी इथेच बसलो होतो, आठवतंय? आठवतंय. वेसाव्याला जायला तिकीट मिळालं नव्हतं.

९ मार्च, रविवार

आज उन्हाळी वेळ सुरू, घड्याळं तासभर पुढे. सगळा दिवस थोडा खोटा वाटत होता, म्हणूनच झालं की काय.

बर्फ सुटायला लागलाय. थेरियो म्हणाले, आज शेवटचं, उद्या खोली ओढून काढतो. आम्ही दहाला जाऊन बसलो. शेगडी, चहा, भोक. मी पेंगत होते. बाराच्या सुमाराला डोळे उघडले तर लाल फडकं उभं! मला वाटलं अजून स्वप्नातच आहे.

प्रताप गुडघ्यांवर. दोरी हातात, सोडतोय, ओढतोय, सोडतोय. ऐंशी वर्षांचे हात, पण दोरीवर बावीस वर्षांचे झाले. मी त्याच्या कोटाला मागून धरून बसले, तोल जाईल म्हणून. किती वेळ गेला ठाऊक नाही. मग हिरव्या उजेडात खालून एक सावली आली. फिरली. पुन्हा आली. आणि भोकातून ते लांब तोंड वर आलं.

बाई गं, काय मासा! हातभर लांबीच्याही पुढे. हिरवा, सोनेरी ठिपके, डोळा पिवळा. आणि पोट. पोट फुगून दोन्ही बाजूंनी ओघळलेलं.

प्रतापने पकडीने गळ काढला. जबड्याला जेमतेम ओरखडा. शेजारी माझं जुनं मोडकं लाटणं पडलं होतं. माशाच्या डोक्यात घालायला तेच वापरतो, पंचेचाळीस वर्षं, एका दणक्यात. आज लाटणं उचललं नाही. दमला असावा. ओल्या हातांनी मासा उचलून माझ्या हातात दिला.

"धर."

धरला. जड, गार, बुळबुळीत. पोटाखाली माझी बोटं होती. आत काहीतरी भरून होतं, दाणेदार, मऊ. ह्या हातांना ते चांगलं माहीत आहे. मासा एकदा हलला. मी काही विचार केला असं म्हणणार नाही. भोकावर वाकले, तोंड पाण्यात धरलं आणि हात उघडले.

क्षणभर तो तिथेच राहिला. माझ्या बोटांच्या मध्ये. मग शेपूट हलली आणि हिरव्यातून काळ्यात गेला.

मी मागे वळून बघायला घाबरले. प्रताप उठला. दोरी गुंडाळली. शेगडी विझवली. लाटणं खिशात घातलं. दार उघडलं तेव्हा उजेडाने डोळे दिपले आणि त्याचा चेहरा मला दिसलाच नाही.

आयुष्यातला त्याचा शेवटचा पाइक. मी घालवला.

१० मार्च

बोलत नाही.

१५ मार्च

"मीठ दे." "गोळ्या कुठायत?" एवढंच. रागावला असता तर बरं झालं असतं. भांडायला मला येतं. हे येत नाही.

सांगून टाकू का सगळं? सांगितलं तर समजेल मी का सोडला. पण मग पंचेचाळीस वर्षांचे नारळही जातील. त्यापेक्षा माझ्यावर रुसलेला बरा.

२२ मार्च

दुपारी पुन्हा ते स्वप्न. गवत, पाणी. ह्या खेपेला एकच मासा, आणि तो माझ्यासमोर थांबला. मी म्हटलं, जा बाई, तुला काम आहे.

रडू आलं. उठून चहा केला, दोन कप. त्याने घेतला. कप विसळून ठेवला. त्याने कप विसळला!

३० मार्च, रविवार. गुढीपाडवा

बाल्कनीत गुढी. ईशानी श्रीखंड खाऊन वह्या घेऊन गेली. एकतीस वह्या, दोन पिशव्या. म्हटलं, मार्च तेवढे वाच, बाकीच्यात तुझ्या आजोबांना शिव्या आहेत. "आय कान्ट रीड मराठी, आजी." मग वाचणार कशा? "यू विल रीड टु मी. एव्हरी संडे." मला बरं वाटलं. किचनरहूनही वाचता येईल.

पिशव्या खाली गाडीपर्यंत कोणी नेल्या? प्रतापने. बायपास झालेला माणूस! मी ओरडले तर ऐकलं नाही. मशीन कानात नव्हतं.

५ एप्रिल

शालेत सामान बांधायला आलोय. बर्फ काठापासून सुटलाय, मधे करडा तुकडा तरंगतोय. दिवसभर टपटप. थेरियो बांधावर बसून लोखंडी पहारीने एकेक दगड उचकटत होते. वेड लागलंय का, विचारलं. म्हणाले, वाळूत कोणी खेळत नाही, पाणी तरी येऊ दे.

ईशानी त्यांच्याशी कधी बोलली कोण जाणे.

१२ एप्रिल, शनिवार

बर्फ परवा गेला. सकाळी उठले तर प्रताप अंथरुणात नाही. धक्क्यावर उभा. लाल टोपी. हातात नारळ, सोनेरी कागदातला.

"अहो, एप्रिल आहे!"

"पौर्णिमा आहे," म्हणाला. महिन्याभरात पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून. "चैत्रातली. पंचेचाळीस वर्षं चुकीच्या पौर्णिमेला दिला."

नारळ त्याने वाकून पाण्यावर ठेवला, ढकलला, हात जोडले.

"ईशानी फोनवर फार मोठ्याने बोलते," म्हणाला. "म्हणून तर मासा तुझ्या हातात दिला. माझ्याच्यानं सोडवला नसता."